गाडी थरथरते, पण आमच्यासमोर नाही

माझं इंजिनिअरिंग मेकॅनिकलचं, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. कॉलेजातलं बरंचसं विसरलो, पण व्हायव्हातला एक प्रश्न लक्षात आहे. ‘सीव्हीटी म्हणजे काय?’ मी गप्प. गंमत म्हणजे त्या दिवशी मी सीव्हीटीवर बसूनच कॉलेजला आलो होतो. आपल्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये तेच असतं: दोन पुल्या आणि मध्ये एक रबरी बेल्ट. पुल्यांच्या थाळ्या जवळ-लांब होतात, बेल्ट वर-खाली सरकतो, आणि गिअर न टाकताच बदलत राहतो.

ही युक्ती चारचाकीत रुजवली नेदरलँड्सच्या हुब फान डोर्ने यांनी. १९५८ साली त्यांच्या डाफ कंपनीनं ‘डाफ ६००’ ही छोटी गाडी दाखवली. त्यात रबरी बेल्ट होते. ही गाडी पुढे जितकी जोरात जायची, तितकीच मागेही जाऊ शकायची. डच लोकांनी मग उलट्या गाड्यांच्या शर्यतीसुद्धा भरवल्या!

पण रबर मोठ्या इंजिनाचा जोर सहन करत नाही. म्हणून शेकडो पातळ पोलादी तुकडे ओवलेला पट्टा तयार झाला. रबरी बेल्ट ओढतो, हा ढकलतो. १९८७ मध्ये तो सुबारू जस्टीसारख्या छोट्या गाड्यांत आला. फान डोर्ने मात्र १९७९ मध्येच गेले होते.

इथवरची गोष्ट छोट्या गाड्यांची. निसाननं हा पट्टा मोठ्या गाड्यांत नेला. २००३च्या मुरानो एसयूव्हीत सीव्हीटी आली. पुढे कंपनीला २००३ ते २०१० या मॉडेलांच्या सीव्हीटीची वॉरंटी १० वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवावी लागली. ही पहिली घंटा होती.

तरीही २०१३ची पाथफाइंडर सीव्हीटी घेऊनच आली. सात आसनं, ३.५ लिटरचं इंजिन, २६० अश्वशक्ती, वर सुमारे सव्वादोन टनांचा ट्रेलर ओढायची क्षमता. कारण समजण्यासारखं होतं. अमेरिकेत मायलेजचे नियम कडक होत होते आणि सीव्हीटी इंजिनाला सोयीच्या वेगात ठेवून इंधन वाचवते.

मग अमेरिकेतले मालक सांगू लागले, की बेताच्या वेगात गाडी थरथरते. का? पट्टा पुलीवर टिकतो तो तेलाच्या दाबामुळे. दाब कमी पडला की पट्टा घसरतो, पकडतो, पुन्हा घसरतो. सीटवर बसलेल्याला तो थरकाप जाणवतो. हायवेवर, मागे मुलं बसलेली असताना हे झालं तर भीती वाटणारच. पण अनेक मालकांचं म्हणणं होतं, की वर्कशॉपमध्ये नेल्यावर उत्तर मिळतं, ‘आम्हाला तर काही जाणवलं नाही’ किंवा ‘या गाड्या अशाच चालतात’.

इथे मी वाचता वाचता थांबलो. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ हे वाक्य मी किती वेळा टाइप केलंय! एकाच माणसाची तक्रार मी दोनदा बंद केली होती. तिसऱ्यांदा त्याला फोन लावला, तेव्हा कळलं की तो गावाकडच्या अर्धमेल्या नेटवर्कवर ॲप वापरत होता. चूक आमच्या कोडमध्येच होती. मी ऑफिसच्या वायफायवर बसून ती शोधत होतो.

निसाननंही आधी काय केलं असेल? सॉफ्टवेअर बदललं! ट्रान्समिशनच्या कंट्रोलरचं प्रोग्रॅमिंग नव्यानं केलं. बदललेला कंट्रोलर थरथर ओळखून कोड नोंदवू लागला, आणि त्या कोडवरून ठरायचं की व्हॉल्व्ह बॉडी बदलायची की अख्खी सीव्हीटी. म्हणजे मालक जे तोंडानं सांगत होते, तेच मशीननं सांगितल्यावर त्याला पुरावा म्हणायचं.

प्रकरण कोर्टात गेलं. तडजोडीत २०१३-१४च्या पाथफाइंडरच्या ट्रान्समिशनची वॉरंटी ६०,००० मैलांवरून ८४,००० मैलांवर गेली. आणि २०२२च्या नव्या पाथफाइंडरमध्ये सीव्हीटीच नव्हती. तिथे नेहमीचा नऊ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आला.

सीव्हीटी वाईट, असं मी म्हणणार नाही. माझी स्कूटर आजही त्यावरच धावते. फक्त हल्ली एखादी तक्रार बंद करण्याआधी मी एक फोन करतो.