प्रकाशननीती, संशोधनपत्रिकांतील

संशोधनाचे निष्कर्ष त्या त्या विषयातील तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ज्या नियतकालिकांतून प्रसिद्ध होतात त्यांना संशोधनपत्रिका म्हणतात आणि त्यांच्या लेखकांनी, परीक्षकांनी, संपादकांनी व प्रकाशकांनी पाळावयाच्या आचारनियमांना प्रकाशननीती ही संज्ञा आहे. लेखन नेमके कोणाचे, त्यामागची विदा, म्हणजे गोळा केलेली मूळ माहिती व आकडे, खरी आहे काय, परीक्षण निःपक्षपातीपणे झाले काय, लेखकाचे आर्थिक हितसंबंध वाचकाला कळवले आहेत काय आणि चूक उघड झाल्यावर ती जाहीरपणे दुरुस्त केली गेली काय, हे या नीतीचे मुख्य प्रश्न होत. कायद्याचे क्षेत्र आणि हे क्षेत्र एकच नव्हे. प्रताधिकार संपलेल्या ग्रंथातील मजकूर स्वतःच्या नावावर खपवणारा लेखक सहसा कायद्याच्या कचाट्यात सापडत नाही, तरीही तो वाङ्मयचौर्याचा दोषी असतो. उलट, न्यायालयात सिद्ध करता येणार नाही अशा गंभीर शंकेवरूनही संपादक निबंध रोखून धरू शकतो किंवा प्रसिद्ध निबंधावर सावधगिरीची सूचना छापू शकतो.

हेन्री ओल्डेनबर्ग याने १६६५ मध्ये लंडनहून ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले तेव्हा काय छापावे हे तो स्वतःच ठरवीत असे. १७५२ मध्ये रॉयल सोसायटीने हे नियतकालिक आपल्या ताब्यात घेऊन निवडीसाठी समिती नेमली, आणि लेखी परीक्षण-अहवाल मागवण्याची प्रथा तेथे १८३० च्या दशकात पडली. तज्ज्ञ-परीक्षण हे विज्ञानाइतकेच जुने आहे, हा समज मात्र चुकीचा आहे. ‘नेचर’सारख्या अग्रगण्य साप्ताहिकाने ते सर्व निबंधांसाठी १९७३ मध्ये सक्तीचे केले. लिखित आचारसंहिता त्याहूनही अलीकडच्या असून त्यांचा उगम बव्हंशी वैद्यकात आहे, कारण तेथे खोट्या निबंधाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे काही वैद्यकीय संपादक जमले, ते हस्तलिखितांची मांडणी एकसारखी करण्याच्या साध्या हेतूने. त्यांच्या गटातूनच पुढे वैद्यकीय पत्रिका-संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आकारास आली. १९९७ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय संपादकांनी गैरप्रकारांच्या प्रकरणांवर आपसांत सल्लामसलत करण्यासाठी ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ म्हणजेच ‘कोप’ ही संस्था स्थापन केली. आज सर्व विद्याशाखांतील पत्रिका तिच्या सभासद आहेत आणि संशय आल्यावर संपादकाने कोणत्या क्रमाने पावले टाकावीत याचे तिने आखून दिलेले मार्ग जगभर वापरले जातात. ‘कोप’ला कोणालाही दंड करण्याचा अधिकार नाही; सभासदत्व काढून घेणे हेच तिच्या हाती असलेले सर्वांत कठोर शस्त्र आहे.

लेखकत्व हा वरवर सोपा, व्यवहारात अवघड विषय आहे. वर उल्लेखिलेल्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार लेखकाने संशोधनाच्या आखणीत, विदासंकलनात किंवा विश्लेषणात भरीव वाटा उचललेला असावा, मसुदा लिहिलेला अथवा चिकित्सकपणे सुधारलेला असावा, अंतिम मसुद्याला संमती दिलेली असावी आणि संपूर्ण कामाच्या सचोटीबद्दल उत्तरदायी राहण्याचे मान्य केलेले असावे. या चारही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. त्यांतील चौथी अट २०१३ मध्ये जोडली गेली. विभागप्रमुखाचे किंवा मार्गदर्शकाचे नाव केवळ अधिकारामुळे घालणे याला मानद लेखकत्व म्हणतात, तर प्रत्यक्ष लिहिणाऱ्याचे नाव दडवणे याला छुपे लेखकत्व म्हणतात. भारतीय विद्यापीठांत पहिल्या प्रकाराकडे दोष म्हणून नव्हे, तर शिष्टाचार म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे. या शिष्टाचारातून काय ओढवते ते चंदीगढच्या पंजाब विद्यापीठातील पुराजीवशास्त्रज्ञ विश्वजित गुप्ता यांच्या प्रकरणात दिसले. हिमालयात सापडली म्हणून त्यांनी वर्णिलेली काही जीवाश्मे प्रत्यक्षात मोरोक्को आणि अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्य अशा दूरच्या ठिकाणची असल्याचे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जॉन टॅलंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मधून मांडले. दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या या लेखनाला अनेक सहलेखक लाभले होते, आणि नमुना कोठून आला याची खातरजमा न करता त्यांनी निबंधांना नावे दिली होती. व्यक्तीवरील आरोपापेक्षाही गंभीर परिणाम असा की, हिमालयातील खडकांच्या कालक्रमासंबंधी त्या निबंधांच्या आधारे झालेले पुढचे लेखनही संशयास्पद ठरले.

विदा रचणे, विदेत फेरफार करणे आणि वाङ्मयचौर्य हे तीन गंभीर गैरप्रकार सर्वच संहितांत आढळतात. एकच निबंध दोन ठिकाणी छापणे, एका अभ्यासाचे तुकडे करून निबंधांची संख्या फुगवणे, प्रतिकूल निष्कर्ष दडवणे हे दोष त्यांच्या खालोखाल येतात. परीक्षकानेही हस्तलिखित गोपनीय ठेवावे, त्यातील कल्पना स्वतःसाठी वापरू नये आणि लेखकाशी स्पर्धा किंवा जवळीक असल्यास परीक्षण नाकारावे अशी अपेक्षा असते. लेखक व परीक्षक यांची नावे एकमेकांपासून लपवण्याची पद्धत पक्षपात कमी करते खरी, पण लहान विषयांत, विशेषतः प्रादेशिक भाषांतील अभ्यासक्षेत्रांत, शैलीवरूनच लेखक ओळखू येतो.

प्रसिद्ध झालेला निबंध विश्वासार्ह राहिलेला नाही असे संपादकाने जाहीर करणे याला निबंध मागे घेणे म्हणतात. ‘कोप’च्या मार्गदर्शनानुसार त्याचा हेतू शिक्षा हा नसून ज्ञानाची नोंद दुरुस्त करणे हा आहे, म्हणूनच प्रामाणिक चुकीमुळेही निबंध मागे घेता येतो, आणि मागे घेतलेला निबंध नाहीसा न करता त्यावर तसा ठळक शिक्का ठेवला जातो. या उपायाची परिणामकारकता वेगावर अवलंबून असते. लसीकरणाचा संबंध स्वमग्नतेशी सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड व सहकाऱ्यांचा निबंध ‘द लॅन्सेट’ने फेब्रुवारी १९९८ मध्ये छापला; तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. लस-उत्पादकांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांना निधी मिळत होता, ही वाचकांपासून लपून राहिलेली बाब पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ मध्ये उजेडात आणली. त्याच वर्षी दहा सहलेखकांनी निबंधातील अन्वयार्थापासून अंग काढून घेतले, तरी संपूर्ण निबंध मागे घेतला गेला तो फेब्रुवारी २०१० मध्ये. दरम्यानच्या बारा वर्षांत लसीविषयीचे भय अनेक देशांत मूळ धरून बसले होते. याउलट, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या औषधावरील निबंध त्याच नियतकालिकाने २२ मे २०२० रोजी छापून ४ जून रोजी मागे घेतला, कारण ‘सर्जिस्फिअर’ या कंपनीकडे असल्याचे सांगण्यात आलेली सुमारे ९६,००० रुग्णांची विदा स्वतंत्र तपासणीसाठी देण्यास तिने नकार दिला. तेथेही परीक्षकांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट प्रकाशनानंतर बाहेरच्या वाचकांनीच पकडली, हे लक्षात घेतले पाहिजे.

अलीकडच्या गैरप्रकारांत एकट्यादुकट्या संशोधकापेक्षा व्यापार मोठा आहे. शुल्क आकारून बनावट निबंध लिहून देणाऱ्या आणि लेखकांच्या यादीतील जागा विकणाऱ्या धंद्यांना निबंध-कारखाने म्हटले जाते. त्यांच्या शिरकावामुळे ‘हिंदावी’ या प्रकाशनसंस्थेला २०२३ या एका वर्षात ८,००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. दुसरा प्रकार भक्षक पत्रिकांचा होय : या पत्रिका लेखकाकडून शुल्क घेतात आणि परीक्षण केल्याचे केवळ भासवतात. ‘सायन्स’ साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये ढोबळ चुका पेरलेला एक बनावट निबंध ३०४ पत्रिकांकडे पाठवला असता १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला. हैदराबाद येथून चालणाऱ्या ‘ओमिक्स’ या प्रकाशनसमूहावर लेखकांची दिशाभूल केल्याबद्दल अमेरिकेतील न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आदेश दिला.

भारतात हा बाजार फोफावण्यास शासकीय नियमांनी हातभार लावला, असे म्हणणे भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांकांशी जोडल्या. तीत परीक्षित पत्रिकेतील निबंधास १५ आणि परीक्षण नसलेल्या, पण आयएसएसएन क्रमांक असलेल्या मान्यवर नियतकालिकातील निबंधास १० गुण होते. आयएसएसएन हा नियतकालिक ओळखण्याचा क्रमांक असून त्याचा दर्जाशी काहीही संबंध नाही. तरी तो मुखपृष्ठावर मिरवणारी नियतकालिके आणि चर्चासत्रांचे विशेषांक महाविद्यालयोमहाविद्यालयी दिसू लागले. ज्याचे मुख्य काम पदवीचे वर्ग घेणे हे आहे, ज्याला प्रयोगशाळा नाही व धड ग्रंथालयही नाही, अशा अध्यापकाकडून निबंधांची मागणी झाल्यावर पुरवठादार निर्माण होणे अटळ होते. आयोगाने २०१७ मध्ये मान्य पत्रिकांची यादी जाहीर केली, तर तीतही संशयास्पद नावे शिरली आणि मे २०१८ मध्ये ४,३०५ पत्रिका वगळाव्या लागल्या. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या पुण्यातील सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीनुसार, विद्यापीठांच्या शिफारशीवरून या यादीत आलेल्या व अन्य सूचींत नसलेल्या पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका निकृष्ट असण्याची शक्यता होती. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील प्रकाशननीती केंद्राच्या साहाय्याने ‘केअर’ ही नवी यादी २०१९ मध्ये आली आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन व प्रकाशननीती हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. यादीतील पत्रिकांच्या नावाने हुबेहूब नक्कल असलेली संकेतस्थळे उभारून शुल्क उकळण्याचे प्रकार मग सुरू झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केल्याचे कळवून पत्रिकांची पारख करण्याची जबाबदारी उच्चशिक्षण संस्थांवर सोपवली. याद्या करणाऱ्यांचा हेतू प्रामाणिक होता; पण निबंध वाचून मत देण्याऐवजी पत्रिकेचे नाव यादीत शोधण्याची जी सवय निवडसमित्यांना जडली, ती कोणत्याही यादीने सुटणारी नव्हती.

वाङ्मयचौर्याविषयी आयोगाचे स्वतंत्र नियम २०१८ चे आहेत. अवतरणे, संदर्भसूची आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य वगळून उरलेले साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत विद्यार्थ्याला प्रबंध सुधारून सादर करावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर सादरीकरणाची बंदी येते आणि त्याहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होते. अध्यापकांसाठी वेतनवाढ रोखण्याची व मार्गदर्शनास मनाई करण्याची तरतूद आहे. या टक्केवारीने प्रशासनाची सोय झाली, तरी तिचा अर्थ अनेकदा उलटा घेतला जातो : ९ टक्के साम्य हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र मानले जाते, वास्तविक त्या ९ टक्क्यांतच प्रबंधाचा गाभा चोरलेला असू शकतो.

संगणकीय साधनांमुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला लेखक म्हणून नोंदवता येणार नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही, अशी भूमिका ‘कोप’ने २०२३ मध्ये घेतली; त्याचा वापर केला असल्यास तो कसा केला हे लेखकाने सांगावे, असेही तिने म्हटले. मराठीतील संशोधनलेखनाला यांपैकी साम्य मोजण्याच्या साधनांचा आधार तोकडा पडतो. जुने मराठी ग्रंथ आणि नियतकालिकांचे अंक मोठ्या प्रमाणावर शोधयोग्य स्वरूपात उपलब्ध नसल्याने त्यांतील उतारे साधनाला ओळखता येत नाहीत, आणि इंग्रजी किंवा हिंदी निबंधाचा मराठी अनुवाद स्वतःच्या नावावर सादर केल्यास शब्दसाम्य शून्याच्या जवळपास येते. असा अनुवाद आता यंत्राकडून काही क्षणांत मिळतो. तो ओळखण्यास मूळ निबंध वाचलेला परीक्षकच लागतो, आणि त्याला वाचनासाठी पुरेसा अवधी व रास्त मानधन देण्याची तरतूद वरीलपैकी कोणत्याही नियमावलीत नाही.