दृष्टिहीनांनाही तपासता येते संगणकाची स्मृती

संगणक अचानक बंद पडणे, फायली बिघडणे ही ‘रॅम’ सदोष असल्याची लक्षणे असू शकतात. ‘मेमटेस्ट८६’सारखे तपासणी प्रोग्रॅम विंडोज सुरू होण्यापूर्वीच चालतात. ‘एनव्हीडीए’सारखे पडदावाचक मात्र विंडोज सुरू झाल्यावरच बोलू लागतात. त्यामुळे ऐन चाचणीच्या वेळी दृष्टिहीनांसाठी संगणक मुका होतो. जालना जिल्ह्यातील जांब समर्थसारख्या गावातून तो दुरुस्तीसाठी शहरात नेण्यापूर्वी दोष स्वतःच ओळखता आला, तर अनावश्यक खर्च व परावलंबन दोन्ही टळते.

विंडोजमध्येच ही सोय आहे. प्रथम चालू काम सेव्ह करावे. स्टार्ट मेनूत ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून उघडावे व तत्काळ रीस्टार्टचा पर्याय निवडावा. चाचणी निःशब्द चालते; तिला बराच वेळ लागू शकतो. या काळात वीजपुरवठा तोडू नये. चाचणी संपताच संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. निकाल ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘सिस्टीम’ नोंदींत ‘मेमरीडायग्नोस्टिक्स-रिझल्ट्स’ या नावाखाली साठवला जातो. २००६ मध्ये विकास सुरू झालेला विनामूल्य ‘एनव्हीडीए’ तो वाचून दाखवतो.

लिनक्समधील ‘मेमटेस्टर’ प्रणाली सुरू असतानाच चालतो, म्हणून ‘ऑर्का’ हा पडदावाचक सोबत वापरता येतो. मात्र प्रणालीने व्यापलेली स्मृती त्यात तपासली जात नाही.

दोष आढळल्यास महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी काढावी. एकाहून अधिक रॅमपट्ट्या असल्यास संगणक बंद करून, वीजजोड काढून, एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासावी. एका चाचणीत दोष न आढळणे म्हणजे स्मृती निर्दोष असल्याची हमी नव्हे.