रात्र, दिवा आणि शाळकरी डोळे

विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजीं पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं झाला. त्यानंतर चारच महिन्यांनीं, १४ जानेवारी १८९६ रोजीं, महाडजवळच्या नाते गांवीं चिंतामणराव देशमुख जन्मले. त्यांचें घराणें रोह्याचें. १९१२ सालच्या मॅट्रिक परीक्षेंत देशमुख मुंबई विद्यापीठांत पहिले आले. या दोघां विद्यावंतांच्या बाळपणीं पेण-रोह्याकडे, म्हणजे तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांत (रायगड हें नांव १९८१ सालचें), वीज नव्हती. देवापुढें समई, माजघरांत चिमणी आणि ओटीवर कंदील एवढाच काय तो उजेडाचा संसार. तिन्हीसांजेस कंदिलाची काच राखेनें पुसावी, वात नीट कातरावी, आणि तेलाकडे डोळा ठेवून अभ्यासास बसावें. घासलेट विकतचें, म्हणून जेवणें आटोपलीं कीं वडील मंडळी दिवा मालवीत. मुलाच्या झोपेची राखण वैद्यशास्त्र नव्हे, तर तेलाची बाटली करीत असे.

मिणमिणत्या दिव्यापाशीं वाचल्यानें डोळे जातात, ही समजूत त्या काळीं घरोघर होती. तींत तथ्य किती, हें पाहण्यासाठीं बरेंच मागें जावें लागतें. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत पहिल्याच अध्यायीं नेत्ररोगांचीं कारणें सांगितलीं आहेत. उन्हानें तापलेल्या मनुष्यानें एकदम पाण्यांत शिरणें, धूर, सततचें रडणें, अश्रू दाबून धरणें, अशी ती मालिका आहे. तींतच दोन शब्द असे आले आहेत कीं ते आजच्या विद्यार्थ्याकडे पाहूनच लिहिले असावेत असें वाटतें. एक सूक्ष्मनिरीक्षण आणि दुसरा स्वप्नविपर्यय. येथें स्वप्न म्हणजे झोप. रात्रीं जागणें व दिवसा निजणें हा तिचा विपर्यय. बारीक वस्तूंवर दृष्टि खिळवणें आणि झोपेची वेळ उलटी करणें, हीं दोन्ही कारणें प्राचीनांनीं एकाच यादींत घातलीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्यांतील दुवा मात्र त्यांनीं उलगडून दाखविला नाहीं.

प्रत्यक्ष मोजणी झाली ती युरोपांत. ब्रेस्लाव शहरांतील (आज तें पोलंडांत असून त्याचें नांव व्रोत्स्वाफ आहे) नेत्रवैद्य हेर्मान कोन यानें १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासून १८६७ सालीं आपले आंकडे प्रसिद्ध केले. खेड्यांतील शाळांत शेंकडा दीडसुद्धां मुलें ऱ्हस्वदृष्टि नव्हतीं. शहरांतील मोठ्या विद्यालयांत तें प्रमाण शेंकडा सव्वीसवर गेलें होतें. विद्या जसजशी चढे, तसतशी लांबची नजर उतरे. कोननें दोष दिला तो अंधाऱ्या वर्गांना व बेढब बांकांना. आंकडे चोख होते, पण निदान अर्धेंच. खेड्यांतील मूल पुस्तकाजवळ कमी बसे हें खरें. परंतु तें सारा दिवस उघड्यावर असे, या गोष्टीचें मोल कळावयास पुढें शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

ऱ्हस्वदृष्टि म्हणजे नेत्रगोल वाढत्या वयांत प्रमाणाबाहेर लांबणें. दिवसाच्या प्रखर उजेडांत डोळ्याच्या पडद्यांतून डोपामाइन नांवाचें द्रव्य सुटतें आणि ही वाढ आवरली जाते, असें शास्त्रज्ञ मानतात. वर्गांत उजेड असतो कांहीं शें लक्स. खुल्या आकाशाखालीं तो दहा हजारांच्या वर सहज जातो. तैवानांत २०१० सालापासून मुलांना रोज १२० मिनिटें शाळेबाहेरील उजेडांत काढण्याची योजना सुरू झाली, आणि वर्षानुवर्षें चढत गेलेलें अधू दृष्टीचें प्रमाण त्यानंतर कांहीं काळ उतरलें. तेव्हां जुन्या कंदिलावरील आरोप बराचसा सौम्य करावा लागतो. त्याच्या मंद उजेडानें डोळे शिणत, हें नाकारतां येत नाहीं. परंतु तो लवकर विझे, आणि मूल पहांटे उठून अंगणांत, विहिरीवर, नदीवर जाई.

झोपेचा संबंध येथेंच येतो. उशिरां निजणाऱ्या व थोडें झोपणाऱ्या मुलांत ऱ्हस्वदृष्टि अधिक, असें कांहीं पाहण्यांत दिसलें. कांहींत तसें दिसलें नाहीं. त्या बाबतींत निकाल देण्याची घाई बरी नव्हे. डोळ्याच्या पृष्ठभागाची गोष्ट मात्र अधिक स्पष्ट आहे. बुबुळावरील पारदर्शक पटलाला रक्तवाहिन्या नसतात. जागेपणीं तें हवेंतून प्राणवायु घेतें आणि झोपेंत मिटलेल्या पापणीकडून. जागरणानें अश्रूंचा पाझर घटतो, त्यांतील क्षारांचें प्रमाण वाढतें, आणि सकाळीं डोळे चुरचुरतात, लाल होतात. शिवाय डोळा हा नुसता पाहण्याचा अवयव नाहीं. १९९८ सालीं इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ व त्याच्या सहकाऱ्यांनीं मेलॅनॉप्सिन हें द्रव्य शोधलें, आणि २००२ पर्यंत असें सिद्ध झालें कीं पडद्यांतील कांहीं पेशी त्याच्या साह्यानें केवळ दिवस-रात्र ओळखून शरीराचें घड्याळ लावतात. रात्रीं डोळ्यांवर उजेड पडत राहिला तर हें घड्याळ मागें पडतें. झोप लांबते, आणि लांबलेली झोप सकाळचा उजेड खाते. डोळा झोप बिघडवितो आणि झोप डोळा.

विजेची कथा तर रोह्याच्या दाराशींच घडली. मुळशीचें पाणी सह्याद्रीवरून खालीं सोडून भिरा येथें टाटांचें वीजघर १९२७ सालीं चालू झालें; त्यासाठीं घाटमाथ्यावरचीं गांवें बुडालीं आणि सेनापति बापटांनीं सत्याग्रह केला. पण ती वीज तारांवरून गेली मुंबईकडे. डोंगराच्या पायथ्याशीं कंदील होता तोच राहिला! पुढें वीज घरोघर आली, आणि आतां तर दिवा मुलाच्या हातांतच आहे. त्याला तेल घालावें लागत नाहीं आणि तो मालवावयास कोणी उठत नाहीं.

पेणकडे याची एक निराळी बाजूहि दिसते. हमरापूर, जोहे या गांवांतून गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. चतुर्थी जवळ आली कीं तेथें रात्रीचा दिवस होतो, आणि कारखाना घरचा असला म्हणजे शाळकरी मुलेंहि हाताशीं येतात. कुंचल्याच्या टोंकानें मूर्तीचे डोळे आखणें हें त्यांतलें सर्वांत नाजूक काम. सुश्रुतानें सांगितलेलीं दोन्ही कारणें तेथें एका पाटावर बसतात! घरचा हंगाम सोडा म्हणणें सोपें नाहीं. पण आखणी दिवसाउजेडीं आणि लिंपण-घासकाम रात्रीं, एवढी वांटणी मुलांपुरती घरांतच करतां येते.

शाळेच्या घंटेचें मात्र घराच्या हातीं नाहीं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप हवी, आणि याच वयांत शरीराचें घड्याळ आपोआप उशिराकडे सरकतें. महाराष्ट्र शासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें निर्णय काढला कीं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत. कारण दिलें तें झोपेचेंच. पांचवीपासून पुढच्या मुलांचा त्यांत उल्लेख नाहीं. ज्या वयांत झोप सर्वांत उशिरां येते आणि डोळा अजून वाढत असतो, तेंच वय त्या कागदाबाहेर राहिलें आहे.