सुरतेचे गोपी तळे आणि आपली तळी

लिसेवमध्ये शिकलेल्या आमच्या पिढीस आफोंसु द आल्बुकेर्क अगदी तोंडपाठ होता. 1510 साली त्याने गोवा घेतला, ही सनावळी आम्ही घोकघोकून पाठ केली. परंतु जवळजवळ त्याच सुमारास तापीतीरी सुरतेत एक हिंदू धनिक स्वखर्चाने लोकांसाठी तळे बांधवीत होता, हे मात्र आम्हांस कोणी सांगितले नाही. त्याचे नाव मलिक गोपी. गुजरातच्या सुलतानाच्या दरबारी वजन असलेला हा मुत्सद्दी मोठा व्यापारीही होता. पोर्तुगीजांशी सख्य राखावे असे त्याचे मत असल्याने तो त्यांच्या बखरींतून वारंवार भेटतो. 1514 साली आल्बुकेर्कने दियोगु फेर्नांदिश द बेजा यास सुलतान मुजफ्फरशहाकडे वकील म्हणून धाडले. दीवला किल्ला बांधण्याची परवानगी काही मिळाली नाही. मिळाला तो एक गेंडा! तो गोव्यामार्गे 1515 साली लिस्बनला पोहोचला आणि जर्मन चित्रकार ड्यूररने तो प्रत्यक्ष न पाहताच त्याचे जगप्रसिद्ध चित्र काढले. हे थोडे विषयांतर झाले, वाचक महाजन क्षमा करतील.

प्रस्तुत लेखकाचा सुरतेशी संबंध आला तो सेवानिवृत्तीनंतर, पांडेसरा येथे राहणाऱ्या आप्तांमुळे. पांडेसरा ही कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्यांची वसाहत. पोटासाठी खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे त्या भागात स्थिरावली असल्याने रस्त्यात गुजरातीइतकीच मराठी आणि अहिराणी कानी पडते. तेथून शहरात गोपीपुऱ्याकडे गेले की गोपी तळे लागते. गोपीपुरा हे नावही त्याच पुरुषाचे.

या तळ्याचे उत्तम वर्णन फ्रेंच प्रवासी तेव्हनो याने करून ठेवले आहे. तो 1666 साली, म्हणजे शिवछत्रपतींच्या सुरतेवरील पहिल्या स्वारीनंतर दोन वर्षांनी तेथे आला. तळ्यास सोळा बाजू, प्रत्येक बाजू शंभर पावलांची. तळाशी गुळगुळीत फरसबंदी आणि सभोवार काठापासून तळापर्यंत खंबायतकडून आणलेल्या दगडाच्या पायऱ्या. जनावरांना पाण्यावर उतरता यावे म्हणून तीन उतार मुद्दाम ठेवलेले. मध्यभागी दगडी इमारत होती. लोक होडीत बसून तेथे जात आणि वाऱ्यावर बसून मन रमवीत. म्हणजे लोकांची तहान आणि लोकांची करमणूक या दोहोंची सोय त्या दात्याने एकाच ठिकाणी केली होती.

मला त्याहून अधिक कौतुक वाटले ते पाणी आत घेण्याच्या युक्तीचे. पावसाचे पाणी शेतांतून वाहत मोठ्या ओहोळाने येई, प्रथम भिंतींनी बंदिस्त केलेल्या एका विस्तीर्ण जागेत थांबे आणि मग चार फुटांहून अधिक व्यासाच्या तीन गोल छिद्रांवाटे तळ्यात उतरे. पाणी थबकले की बरोबरचा गाळ खाली बसतो, ही गोष्ट खाजनाचे बांध आणि मानस पाहत वाढलेल्या गोवेकरास समजावून सांगावयास नको. एके काळी सारे शहर हेच पाणी पीत असे. विहिरी मागाहून सापडल्या.

परंतु छिद्रे कितीही शहाणपणाने ठेवली तरी गाळ यावयाचा तो येतोच. तेव्हनोने पाहिले तेव्हा तळ्यात सहा फुटांहून अधिक माती साचली होती. कोणी धर्मशील वाण्याने पदरच्या पैशाने ती उपसविली नाही तर तळे एक दिवस बुजून जाईल, असे त्याने स्पष्ट लिहिले. त्याच्या आधी, 1623 साली, इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले तेथे येऊन गेला. त्यास तर गोपी कोण होता हेसुद्धा कोणी खात्रीने सांगू शकले नाही. तळे बांधून पुरते सव्वाशे वर्षेही झाली नव्हती, तोच दाता विस्मृतीत गेला. मग गाळ कोण काढणार? पुढे तळे कोरडे पडले, त्याचे दगड शहराच्या तटाकडे गेले आणि कालांतराने त्या जागेत झोपड्या उठल्या. महानगरपालिकेने 2012 साली पुनरुद्धाराचे काम हाती घेतले व 2015 साली तळे लोकांस खुले झाले. पिण्यासाठी आता त्याची गरज उरलेली नाही. लोक संध्याकाळी फिरावयास येतात, मुले खेळतात.

हे सारे येथे सांगण्याचे कारण असे की, आपल्या देवस्थानच्या तळीचा गाळ एका उदार भक्ताच्या देणगीतून एकदाच काढून घ्यावा, की दरवर्षी त्यासाठी रक्कम राखून ठेवावी, हा वाद महाजनांच्या सभेत चालू आहे. दात्याच्या उदारपणाबद्दल मला शंका नाही. गोपीच्या उदारपणाबद्दल तरी कोणास होती? मात्र गोपीच्या मागे महाजन नव्हते, आपल्या तळीमागे ते आहेत. 1886 सालची माझानियांची नियमावली आणि तिच्यानंतरचा 1933 सालचा कायदा यांनी देवस्थानची मालमत्ता सांभाळण्याचे काम आपल्या गळ्यात बांधलेले आहे. खाजनांचे बांध कोमुनिदादींकडून निघून 1964 च्या कूळ कायद्यानंतर कुळांच्या संघटनांकडे गेले. त्यांपैकी किती बांध दरसाल माती पाहतात, हे शेतकरी महाजन बंधूंनीच सांगावे.

आयुष्यभर कारकुनी केल्यामुळे जमाखर्चाच्या वह्या चाळण्याची खोड मला जडली आहे. आपल्या जुन्या वह्यांत 'तळी साफ करणे' अशी नोंद दर उन्हाळ्यात सापडते, रक्कम अगदी किरकोळ. अलीकडच्या वह्यांत रोषणाईचे कलम आहे, मंडपाचे आहे. तळीचे कलम मला दिसले नाही.