तळघरातील शंभर माणसे

लंडनच्या ट्रॅफल्गर चौकाला लागून एक चर्च उभे आहे. त्याचे नाव 'सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स', म्हणजे शेतातले सेंट मार्टिन. चौकातील वर्दळ पाहणाऱ्याला हे नाव विनोदी वाटेल. परंतु लंडन आणि वेस्टमिन्स्टर ही दोन निराळी गावे होती आणि त्यांच्यामध्ये खरोखरच शेते होती, त्या काळापासून या जागी या संताचे चर्च आहे. आजची इमारत जेम्स गिब्ज या वास्तुशिल्पकाराची. ती १७२२ ते १७२६ या काळात उभी राहिली. सेंट मार्टिन हा चौथ्या शतकातला, मूळचा रोमन सैन्यातील शिपाई. आमियां शहराच्या वेशीपाशी थंडीने काकडणारा एक भिकारी त्याला दिसला, तेव्हा त्याने तलवारीने आपल्या झग्याचे दोन तुकडे केले आणि एक त्या भिकाऱ्याला दिला, अशी कथा आहे. उरलेला अर्धा त्याने स्वतःच्या अंगावर ठेवला, हेही कथा लपवीत नाही.

या चर्चच्या तळघराविषयी मला आज बोलावयाचे आहे. विसाव्या शतकात त्या तळघरात जे घडले, त्याच्या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो: ज्याला घर नाही तो माणूस समाजाच्या लेखी कोण? अपराधी, नोंदवहीतील एक प्रकरण, की पाहुणा?

इंग्लंडच्या कायद्याचे उत्तर दीर्घकाळ पहिलेच होते. नेपोलियनच्या युद्धांनंतर रस्त्यावर आलेल्या माणसांना धाक बसावा म्हणून १८२४ साली भटक्यांविरुद्धचा कायदा झाला. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना उघड्यावर निजणे आणि त्याचा समाधानकारक खुलासा करता न येणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. ही भाषा आपल्याला अपरिचित नाही. मुंबईच्या १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यातही उपजीविकेचे दृश्य साधन नसता भटकणारा माणूस भिकाऱ्याच्या व्याख्येत घातलेला आहे. हा कायदा दिल्लीलाही लागू करण्यात आला होता. तेथे त्यातील शिक्षेची प्रमुख कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरविली. कायद्याचे मसुदे वाचण्यात माझे बरेच आयुष्य गेले आहे. शब्द किती लांबचा प्रवास करतात आणि किती वर्षे टिकतात, याचे मला अजूनही नवल वाटते.

तुरुंग नको असेल तर दुसरा मार्ग वर्कहाउसच्या 'कॅज्युअल वॉर्ड'चा. तेथे एका रात्रीपुरता निवारा आणि पाव मिळे. मोबदल्यात खडी फोडणे किंवा जुने दोरखंड पिंजणे असे काम करावे लागे. शिवाय तेथे मुक्काम होऊ नये अशी योजना नियमांतच होती. एका वॉर्डात महिन्यातून एकदाच जाता येई, आणि लंडनमधील सर्व वॉर्ड मिळून एकच धरले जात. नियम मोडला तर आठवडाभर डांबून ठेवीत. त्यामुळे बेघर माणूस एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डाकडे, गावोगाव, अखंड चालत राही. भटकणे हा त्याचा स्वभाव आहे असे लोक म्हणत. खरे पाहता त्याला चालावयास लावणारी यंत्रणा सरकारची होती.

अशा काळात, १९१४ च्या नोव्हेंबर महिन्यात, रिचर्ड शेपर्ड हे सेंट मार्टिनचे व्हिकर, म्हणजे मुख्य धर्मोपदेशक, झाले. लोक त्यांना डिक म्हणत. वय अवघे चौतीस, प्रकृती दम्याने पोखरलेली. पूर्वी त्यांनी पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन या गरीब वस्तीत ऑक्सफर्ड हाउस या सेवाकेंद्रात काम केले होते, आणि महायुद्धाला तोंड लागताच काही आठवडे फ्रान्समधील लष्करी इस्पितळात मरणाऱ्या शिपायांच्या उशाशी बसण्याचे कामही त्यांच्या वाट्याला आले होते. चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून थकल्याभागल्या माणसांचा लोंढा आत येताना पाहिल्याचे एक दृश्य ते वर्णन करीत असत. दृष्टांत म्हणा, स्वप्न म्हणा. पण ते खरे करण्याचा मार्ग त्यांनी फार साधा निवडला. त्यांनी दार बंद करणे थांबविले.

चॅरिंग क्रॉसचे रेल्वे स्थानक तेथून हाकेच्या अंतरावर. आघाडीवरून रजेवर आलेले किंवा परत निघालेले शिपाई गाडीची वाट पाहत रात्र कोठे काढणार? ते चर्चमध्ये येऊन निजू लागले. युद्ध संपले, आणि काही वर्षांतच त्या शिपायांपैकी कित्येक जण बेकार होऊन त्याच दारी आले. या वेळी मात्र त्यांना पकडावयाची गाडी नव्हती. तळघरात बाके होती, ऊब होती, चहा होता. हे चालविणारी माणसे पगारी नव्हती. चर्चमध्ये येणारे सामान्य स्त्रीपुरुष दिवसाचे आपले काम आटोपून पाळीने रात्री जागत. दानशूरांच्या देणग्या पुष्कळ ठिकाणी होत्या. परंतु पैसा दिला की देणारा घरी जाऊन निजू शकतो. येथे देणाऱ्याचीही झोप जात होती, आणि मला हाच फरक महत्त्वाचा वाटतो.

१३ फेब्रुवारी १९३१ च्या रात्री लंडन काउंटी कौन्सिलने शहरातील निराश्रितांची मोजणी केली. तिचे आकडे जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' या पुस्तकात दिले आहेत. रस्त्यावर रात्र काढणारे ६० पुरुष व १८ स्त्रिया. लॉजिंग-हाउसचा परवाना नसलेल्या आश्रयगृहांत १,०५७ पुरुष व १३७ स्त्रिया. कौन्सिलच्या कॅज्युअल वॉर्डांत आणि वसतिगृहांत ६७४ पुरुष व १५ स्त्रिया. आणि यांच्या बरोबरीने एक स्वतंत्र ओळ: सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चच्या तळघरात ८८ पुरुष व १२ स्त्रिया. बरोबर शंभर. एवढ्या मोठ्या महानगराच्या तक्त्यात एका चर्चच्या तळघराला स्वतःची ओळ मिळावी, याहून मोठे प्रशस्तिपत्र सरकारी कागदावर मिळत नसते. त्या रात्री रस्त्यावर जितकी माणसे आढळली त्यांहून अधिक या एका तळघरात होती. रस्त्यावरचा आकडा कमीच धरलेला असावा, अशी शंका स्वतः ऑर्वेल यांनीच नोंदविली आहे.

ती शंका मला पटते. आपल्या २०११ च्या जनगणनेत बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसांची नोंद झाली. त्या रात्री उत्तरेकडील एका शहरात एका पुलाखाली मी प्रगणकांसोबत होतो. एका वृद्धाने नाव सांगितले, वय अंदाजे सांगितले, आणि मग विचारले, "साहेब, हे लिहून घेतल्यावर मी येथेच निजू ना? पोलीस उठवणार नाहीत?" आमच्या पत्रकात या प्रश्नासाठी रकाना नव्हता. थोड्या अंतरावर अंथरुणे दिसत होती, पण आमची चाहूल लागताच त्यांवरची माणसे अंधारात निघून गेली होती. त्यांची मोजणी कोणी केली असेल असे मला वाटत नाही.

ऑर्वेल यांच्याच पुस्तकात चर्चच्या सेवेची दुसरी बाजूही आहे. किंग्ज क्रॉस स्थानकाजवळच्या एका चर्चमध्ये आठवड्यातून एकदा भटक्यांना फुकट चहा व पाव मिळे. मात्र त्यानंतर प्रार्थनेला बसावे लागे. शंभरेक भटके वरच्या सज्जात बसले, आणि प्रार्थना चालू असता त्यांनी जो धिंगाणा घातला त्याचे वर्णन वाचताना प्रथम हसू येते. मग ध्यानात येते की चहाची जी किंमत वसूल केली जात होती, तिचा तो सूड होता. ऑर्वेल हे बिहारमधील मोतीहारीत जन्मलेले आणि ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी राहिलेले. सत्ता असणाऱ्याने केलेला उपकार खालच्या माणसाला कसा दिसतो, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. सेवा आणि सौदा यांतील अंतर कधी कधी एका पेल्याएवढेच असते.

शेपर्ड यांचा आकाशवाणीशीही संबंध आहे. ६ जानेवारी १९२४ रोजी बी.बी.सी.ने चर्चमधील उपासना प्रथमच ध्वनिक्षेपित केली, ती याच चर्चमधून. रेडिओमुळे लोक देवळात येईनासे होतील अशी भीती अनेक धर्मगुरूंना वाटत होती. शेपर्ड यांना वाटले, ज्यांना देवळापर्यंत येता येत नाही त्यांच्यापर्यंत देऊळ जाईल. प्रकृतीमुळे १९२६ साली त्यांनी पद सोडले आणि पॅट मॅक्कॉर्मिक त्यांच्या जागी आले. १९२७ सालापासून नाताळात बेघरांसाठी रेडिओवरून मदतीचे आवाहन होऊ लागले. त्याच वर्षी, २३ जुलैला, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले होते. दूरच्या घरात शेगडीजवळ बसलेल्या माणसाला तळघरातील अनोळखी माणसाविषयी काही वाटावे, ही त्या काळी नवीनच गोष्ट होती.

दुसऱ्या महायुद्धात हेच तळघर हवाई हल्ल्यांपासून आसऱ्याची जागा झाले. पुढे १९४८ च्या कायद्याने जुना 'पुअर लॉ' अधिकृतपणे संपुष्टात आला. कल्याणकारी राज्य आले, आता तळघराचे काम संपले, असे अनेकांना वाटले. तसे झाले नाही.

ते का झाले नाही, याचे उत्तर चर्चमधल्याच एका माणसाने मांडले. ब्रूस केन्रिक हे धर्मोपदेशक न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधील चर्चच्या कार्याचे अभ्यासक. लंडनच्या नॉटिंग हिल भागात एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबे आणि त्यांना पिळणारे घरमालक त्यांनी पाहिले, आणि १९६३ साली शेजाऱ्यांना हाताशी धरून नॉटिंग हिल हाउसिंग ट्रस्ट काढला. रस्त्यावर दुकान मांडून पैसे जमवावयाचे, घर विकत घ्यावयाचे, ते दुरुस्त करून कुटुंबांना रास्त भाड्याने द्यावयाचे, असा तो उद्योग. त्यांचे म्हणणे असे की कांबळे देऊन घर होत नाही. घराला घरच द्यावे लागते. त्यांच्या पुढाकाराने चर्चशी संबंधित व इतर गृहनिर्माण संस्था एकत्र आल्या आणि १ डिसेंबर १९६६ रोजी 'शेल्टर' ही संस्था जाहीर झाली. समारंभाची जागा होती सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स. दोनच आठवडे आधी, १६ नोव्हेंबरला, 'कॅथी कम होम' हे घर गमावलेल्या एका कुटुंबाचे नाट्य बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर दिसले होते आणि देश हादरला होता.

ज्या चर्चने पन्नास वर्षे कांबळी पुरविली, त्याच चर्चमध्ये कांबळी अपुरी असल्याची घोषणा व्हावी, यात काहींना विसंगती दिसली. मला दिसत नाही. रात्रीमागून रात्र जागल्याशिवाय, तोच माणूस पुढच्या हिवाळ्यातही येतो, हे कळते कसे?

या चळवळीच्या रेट्याने १९७७ साली लिबरल पक्षाचे खासदार स्टीफन रॉस यांनी मांडलेले बेघर व्यक्तींविषयीचे विधेयक कायद्यात उतरले. बेघरांना घर मिळवून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. परंतु ते मुख्यत्वे मुलाबाळांच्या कुटुंबांपुरते, गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध-आजारी अशा काहींपुरते. अंगाने धडधाकट दिसणारा एकटा पुरुष कायद्याच्या प्राधान्यक्रमात बसला नाही. १९३१ च्या त्या तळघरातील शंभरांमध्ये अठ्ठ्याऐंशी पुरुष होते, हे येथे आठवते. कायदा एका दाराने पुढे गेला आणि तो एकटा माणूस पुन्हा चर्चच्याच पायरीवर राहिला.

२००३ साली सेंट मार्टिनची समाजसेवा शाखा आणि शेजारची एक संस्था यांच्या एकत्रीकरणातून 'द कनेक्शन ॲट सेंट मार्टिन्स' उभी राहिली. चर्चच्या तळघरात आता उपाहारगृह आहे. तेथे चहा घेणाऱ्या प्रवाशांना पूर्वीच्या बाकांची कल्पना नसते. नाताळातील रेडिओ-आवाहन मात्र अजून होते. त्यातून जमलेल्या पैशांतील लहान लहान रकमा देशभरातील समाजसेवकांच्या मागणीवरून दिल्या जातात: कोणाला खोलीच्या भाड्याची अनामत म्हणून, कोणाला थकलेले भाडे भरण्यासाठी, आणि कोणाला, खोली मिळाल्यावर तीत टाकावयाच्या पलंगासाठी.