नवें राज्य आणि जुने दुभाषे

राज्य बदललें कीं दरबारची भाषा बदलते आणि जुने दुभाषे निरुपयोगी ठरतात. संगणकाच्या जगांत असा प्रसंग २००७ सालीं आला. कार्यप्रणाली आणि प्रिंटर, स्कॅनर यांसारखीं उपकरणें यांच्यामध्यें ‘ड्रायव्हर’ नांवाचा लहानसा प्रोग्राम दुभाष्याचें काम करतो. २००१ सालची ‘विंडोज एक्सपी’ घरोघर रुळली होती. ३० जानेवारी २००७ रोजीं ‘व्हिस्टा’ बाजारांत आली आणि कालपर्यंत निमूटपणें चालणारीं कित्येक उपकरणें एकाएकीं मुकीं झालीं.

व्हिस्टानें चित्र व ध्वनि यांची अंतर्गत व्यवस्था नव्यानें बांधली होती. तिच्या ६४-बिट आवृत्तींत तर सही-शिक्क्यावांचून ड्रायव्हरला गाभ्यांत प्रवेशच नव्हता. हा निर्बंध निष्कारण नव्हता. सदोष ड्रायव्हरमुळें संगणक वारंवार कोसळत. परंतु नवा ड्रायव्हर लिहिणें हें मुख्यतः उपकरण बनविणाऱ्याचें काम, आणि विकून झालेल्या मालासाठीं तो खर्च पुष्कळांनीं टाळला. भुर्दंड गिऱ्हाइकाला पडला, दूषण व्हिस्टाला लागलें.

२००९ सालच्या ‘विंडोज ७’नें बव्हंशीं तीच व्यवस्था पुढें चालविली, परंतु तोंपर्यंत दुभाषे नवी भाषा शिकले होते. व्हिस्टानें सोसलेल्या लोकापवादाचें फळ असें तिच्या वारसाच्या पदरांत पडलें.