उघडता येणारा सांधा

घाट चढताना गाडी तापते, रेडिएटरमधून वाफ येते आणि गॅरेजमधला मिस्त्री तेल मोजायच्या पट्टीवरचा दुधाळ थर दाखवून सांगतो, 'साहेब, हेड गॅस्केट उडालं!' हे ऐकून मालकाचा चेहरा उतरतो. कारण गॅस्केट स्वस्त, पण ते बदलायचे तर अर्धे इंजिन खोलावे लागते. जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा हा भोकाभोकांचा पत्रा. पण त्याच्यापायी जगातल्या नामवंत इंजिनकारांनी शंभराहून अधिक वर्षे डोके शिणवले आहे. कोणी तो काढूनच टाकला, कोणी दर शर्यतीला नवा बसवला. ही हकिकत ऐकण्यासारखी आहे.

आधी या पत्र्याचे काम पाहू. इंजिनात खाली सिलिंडरांचा ब्लॉक असतो आणि त्यावर झाकणासारखे हेड. दोहोंच्या मधे गॅस्केट. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी अडवायच्या असतात : सिलिंडरातला जाळ, त्याच्याभोवती फिरणारे पाणी आणि वर-खाली जाणारे तेल. जळत्या वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या पुढे जाते. दाब हवेच्या दाबाच्या साठ-ऐंशी पट होतो, आणि टर्बो असेल तर शंभर पटींच्याही पुढे. त्यात ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असेल तर आणखी पंचाईत. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते, त्यामुळे इंजिन तापताना आणि निवताना वरचा पृष्ठभाग खालच्यावर किंचित सरकतो. हे सरकणे सोसून गॅस्केटने सांधा बंद ठेवायचा.

मग हा सांधा ठेवायचाच कशाला? १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ने याचे उत्तर दिले. तिचे हेड बोल्ट काढून उचलता येई. आतली काजळी खरवडायला किंवा झडपा घासायला मोठ्या कारखान्याची गरज उरली नाही. खेड्यातला शेतकरीही पाना घेऊन ते काम करू शकला. पुढे तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉस भरलेली गॅस्केटे सर्रास वापरात आली. सांधा उघडता येतो म्हणूनच सामान्य माणसाला यंत्राची दुरुस्ती करता येते, हे इथे ठळकपणे दिसले.

वेगाच्या मागे लागलेल्यांना मात्र हा सांधा म्हणजे कच्चा दुवा वाटला. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ मध्ये तीन लिटरचे इंजिन उभे केले, त्यात हेड आणि ब्लॉक एकाच ओतकामात ओतले. सांधा नाही, म्हणून गॅस्केट नाही, म्हणून उडण्याचा प्रश्नच नाही! १९२४ ते १९३० या काळात बेंटलीच्या गाड्यांनी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. पण याची किंमतही होती. झडपा घासायच्या म्हटल्या, की सगळा ब्लॉकच खालच्या भागावरून उचलून काढावा लागे.

हीच वाट अमेरिकेत सर्वांत दूरवर नेली ती ऑफेनहाउसर इंजिनाने. हॅरी मिलर, लिओ गूसेन आणि फ्रेड ऑफेनहाउसर यांच्या हातून घडलेल्या या इंजिनातही हेड आणि ब्लॉक एकसंध. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत त्याने १९३५ ते १९७६ या काळात २७ वेळा जिंकली. १९६८ मध्ये बॉबी अन्सर जिंकला तेव्हा त्याच्या ऑफेनहाउसरला टर्बो जोडलेला होता. टर्बोमुळे सिलिंडरातला दाब बेसुमार वाढतो आणि इतर इंजिनांचा सांधा नेमका तिथे तुटतो. इथे तुटायला सांधाच नव्हता. तीस-पस्तीस वर्षांच्या जुन्या आराखड्याला त्यामुळे दुसरे आयुष्य मिळाले.

याच्या अगदी उलट टोकाला ड्रॅग शर्यतींची मंडळी आहेत. 'टॉप फ्युएल' प्रकारातल्या गाड्यांची ताकद दहा हजार अश्वशक्तीच्या वर आणि धाव चार सेकंदांच्या आतबाहेर. प्रत्येक धावेनंतर इंजिन खोलतात. इथे तांब्याचे अखंड गॅस्केट लागते. तांबे तापवून मऊ केलेले असते, म्हणून दाबाखाली ते पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत शिरते. आपल्या तांबट आळीतल्या कारागिराला हे सांगायला नको. ठोकून कडक झालेले तांबे भट्टीत घालून पुन्हा मऊ करणे हे त्याचे रोजचेच. सिलिंडराभोवती खाचेत पोलादी तार बसवली, की ती तांब्यात रुतते आणि जाळ अडतो. पाणी आणि तेल मात्र नुसते तांबे नीट अडवत नाही, त्यासाठी वेगळा लेप द्यावा लागतो. जाड-पातळ गॅस्केट घालून इंजिनाचे कॉम्प्रेशनही कमीजास्त करता येते.

अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक ठरल्यावर ते मागे पडले. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी आली. नव्या इंजिनांत १९९० च्या दशकापासून पोलादाच्या अनेक थरांचे गॅस्केट रूढ झाले. स्प्रिंगसारख्या लवचीक पोलादाचे तीन ते पाच पत्रे, त्यांवर उठवलेल्या वळ्या आणि वर रबराचा पातळ थर. हेड किंचित उचलले गेले तरी वळ्या फुलून फट भरून काढतात. अट एकच : दोन्ही पृष्ठभाग सपाट आणि गुळगुळीत हवेत. खरबरीत जुन्या ब्लॉकवर हे महागडे गॅस्केटही गळते.

गॅस्केट एकटे काही करत नाही, हे ब्रिटनमधल्या रोव्हरच्या के-सिरीज इंजिनाने शिकवले. १९८९ मध्ये आलेले हे हलके, हुशार इंजिन. १९९६ च्या चिमुकल्या लोटस एलिसला चपळाई दिली ती यानेच. पण त्याचे हेड गॅस्केट वारंवार जाई आणि दोष गॅस्केटच्या माथी बसे. खरे तर कारणे अनेक होती. आत पाणी थोडे. थर्मोस्टॅट पाणी आत येण्याच्या बाजूला, त्यामुळे तो उघडताच तापल्या इंजिनात थंड पाण्याचा लोंढा. सिलिंडरांचे लायनर ब्लॉकच्या वर केसभर उभे राहायला हवेत, ते खचले की गॅस्केटवरची पकडच सुटे. पुढे अनेक थरांचे पोलादी गॅस्केट आले, पण लायनर खचलेल्या इंजिनात तेही टिकेना.

म्हणून शर्यतीचे इंजिन बांधणारा जाणता कारागीर दुकानात जाण्याआधी ब्लॉकवर सरळ पट्टी ठेवून बघतो. सपाटी किती, दाब किती, पुन्हा कितीदा खोलायचे, हे ठरले की तांबे की पोलाद हे आपोआप ठरते. हेडला धरून ठेवतात ते बोल्ट, गॅस्केट फक्त उरलेली फट भरते. बोल्टही मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, सारख्या जोराने आवळायचे.

ऑफेनहाउसरने सांधा नाहीसा करून शर्यती जिंकल्या, हे खरेच. तरीही रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांनी फोर्डचीच वाट धरली. कधीही न उघडणाऱ्या जोडापेक्षा, उघडून पुन्हा नीट बसवता येणारा जोड सामान्य माणसाच्या अधिक उपयोगी पडला.